घरी फुलांचा चहा: अंबाडी, गोकर्णी, गुलाब, मोगरा (नागपूरच्या हवेचा हिशेब धरून)

धंतोलीकर

हिवाळा लागला की आपल्याकडच्या भाजीबाजारात अंबाडीची लाल बोंडं येतात. ती चटणीला जातात, शरबताला जातात, चहाला मात्र फारसं कोणी घेत नाही. पाकिटातून मिळणारा लाल, आंबट हिबिस्कस चहा याच बोंडांचा असतो. कुंपणावर गोकर्णी असते, कुंडीत देशी गुलाब असतो. तरीही घरचा फुलांचा चहा बहुतेकदा फसतो, कारण सगळी फुलं एकाच पातेल्यात घालून दहा मिनिटं खळाखळा उकळली जातात. अंबाडीला जे सोसतं ते गुलाबाला सोसत नाही, आणि मोगरा तर उकळायचाच नसतो. म्हणून एकेक फूल वेगळं घेऊन लिहू या. सुरुवात अंबाडीपासून करतो.

चहाला फूल लागत नाही. फूल गळून गेल्यावर त्याखालची मांसल लाल दळं फुगतात, ती लागतात. बोंडं गडद लाल, टणक, दाबल्यावर रस सुटेल अशी घ्या. आतली बियांची बोंडी हिरवी असेपर्यंतच दळं रसदार असतात. बी वाळायला लागलं की ती चिवट होतात आणि रंगही कमी देतात. बोंडं धुऊन, निथळून, देठाच्या बाजूने चाकूच्या टोकाने गोल चीर द्या आणि आतली बोंडी बोटाने ढकलून काढून टाका. अख्खा लाल पेला हातात राहतो. एक किलो बोंडांतून बोंड्या काढल्यावर साधारण अर्धा किलो दळं निघतात आणि ती वाळून ५० ग्रॅमच्या आसपास भरतात. म्हणजे पंचवीसेक कप.

ताटात एकेरी थर लावा, वर मलमलीचं कापड टाका. नोव्हेंबर-डिसेंबरच्या हवेत चार-पाच दिवस लागतात. सकाळचं कोवळं ऊन दिलं तरी चालतं, दुपारचं नको. रात्री ताट घरात घ्या, दवाने दिवसभराचं वाळणं फुकट जातं.

करताना: २०० मिली पाण्याला २ ग्रॅम वाळलेली दळं. पाणी उकळलं की गॅस बंद, दळं घाला, झाकण ठेवा, पाच ते सहा मिनिटं. जास्त वेळ ठेवून चव वाढत नाही, आंबटपणा तेवढा वाढतो. उकळत ठेवलीत तर लाल रंग हळूहळू तपकिरीकडे जातो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियम, लोखंड, बिनकल्हईचं पितळ नको, हा चहा चांगलाच आंबट असतो. दूध घालायचा प्रश्नच नाही, लगेच फाटतं.

गच्चीवरची_बाग

धंतोलीकर, अंबाडीत आणखी एक पाहायला हवं. भाजीसाठी जी हिरव्या देठाची अंबाडी लावतात तिला अशी जाड लाल बोंडं येत नाहीत. बी घेताना लाल देठाची, बोंडाची अंबाडी मागून घ्या. जूनमध्ये पहिल्या पावसावर पेरायची. दिवस लहान व्हायला लागले की तिला फुलं येतात, त्यामुळे उन्हाळ्यात पेरून लवकर बोंडं मिळतील असं नाही, नुसती उंच वाढेल. कुंडी किमान १५ इंची हवी. झाड गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा, फांद्या जास्त फुटतात आणि बोंडंही. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू दिलं तर मुळं कुजतात. वरून झाड हिरवं दिसत असतं आणि एका दिवसात माना टाकतं.

आता फुलं आणायची कुठून. सीताबर्डीच्या फूलबाजारातला गुलाब, शेवंती, मोगरा हारांसाठी पिकवलेला असतो. खायच्या मालाला फवारणी आणि तोडणी यांत जे अंतर पाळावं लागतं, ते तिथे पाळलं जाईलच असं नाही. आणि ते औषध नुसतं धुऊन पूर्ण जात नाही. देवाच्या ताटातली उरलेली फुलं चहाला वापरू नका, याचं कारणही हेच. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपाची पहिली फुलं सोडून द्या. मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक दिलेलं असू शकतं, दोन-तीन महिन्यांनंतर नव्या फुटीवर आलेली फुलं घ्या. घरी निंबोळी अर्क फवारला असेल तर आठवडाभर थांबा, नाही तर चहालाच कडू वास लागतो.

निळाई

गोकर्णीचं लिहिते.

निळी गोकर्णीच घ्यायची. पांढरीचा रंग उतरत नाही आणि चव दोन्हींना जवळजवळ नाहीच, किंचित कोवळ्या शेंगेसारखी. फुलं सकाळी पूर्ण उमललेली खुडावी. मागची हिरवी टोपी काढून टाका. ती राहिली तर ओल धरून ठेवते, फूल वरून कोरडं वाटतं आणि बरणीत बुरशी तिथूनच सुरू होते. शेंगा आणि बिया अजिबात घेऊ नका, बिया रेचक असतात.

एका कपाला वाळलेली पाच ते सात फुलं. ताजी असतील तरी तेवढीच. उकळी बसलेलं पाणी ओता, चार-पाच मिनिटांत फुलं फिकी पडतात, मग काढून टाका. नुसती गोकर्णी प्यायला पाणचट लागते, त्यामुळे तिला जोडीदार हवा. गवती चहाची एक पात किंवा आल्याची पातळ चकती. लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो, अजून पिळलं की गुलाबी.

ऊन_४५

कुठे वाळवायचं यावर सविस्तर लिहायला पाहिजे, खरी नासाडी तिथेच होते.

एप्रिल-मे मध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की गुलाबाच्या पाकळ्या सावलीत एका दिवसात वाळतात. पण दोन जागा टाळा. एक, गच्चीचा स्लॅब. दुपारी तो हवेपेक्षाही कितीतरी जास्त तापतो, पाकळी वाळते पण वास उडून जातो आणि कडा काळ्या पडतात. दुसरी, कूलरची खोली. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कूलर खोलीत सतत ओल सोडतो. तिथे ठेवलेल्या पाकळ्या दोन दिवसांनी वाळल्यासारख्या दिसतात, पण हातात वाकतात. तशाच बरणीत गेल्या की गेल्या. बिनकूलरच्या खोलीत, पंख्याखाली, खिडकीचा पडदा ओढून ठेवा.

पावसाळ्यात पंख्यावर भरवसा नको. ओव्हन असेल तर सर्वांत कमी, साधारण ५० अंशांवर, दार बोटभर उघडं ठेवून. गोकर्णीला दोन-तीन तास, अंबाडीला त्याहून बराच जास्त वेळ. मायक्रोवेव्ह नको, कडा करपतात आणि मध्य ओला राहतो.

झालं की नाही हे पाकळीवरून ठरवू नका, फुलाच्या सर्वांत जाड भागावरून ठरवा. अंबाडीचा बुडाचा भाग पापडासारखा कडकन मोडला पाहिजे. वाकला तर आणखी एक दिवस.

बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज एकदा हलवून बघायची. काचेच्या आतून जरा जरी दमट थर दिसला किंवा दोन पाकळ्या चिकटल्या तर सगळं परत ताटात. आठवडा नीट गेला की झाकण पक्कं लावून अंधाऱ्या कपाटात. गोकर्णीचा आणि गुलाबाचा रंग उजेडाने उडतो, म्हणून बरणी ओट्यावर शोभेला ठेवू नका.

मंजिरी_व

वाळलेल्या गुलाबात बारीक तपकिरी किडे होतात. बरणी घट्ट असते तरी. याला उपाय काय?

ऊन_४५

मंजिरीताई, अंडी फुलाबरोबरच आत गेलेली असतात, झाकणाने ती थांबत नाहीत. पूर्ण वाळलेला माल हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाही तर थंड पाकळ्यांवर हवेतली ओल जमते आणि वाळवलेलं सगळं वाया जातं. मग बरणीत भरा. ज्या बरणीत किडे आधीच दिसले आहेत तो माल टाकून द्या, निवडत बसू नका.

धंतोलीकर

गुलाबाचं राहिलं होतं. देशी, गावठी गुलाब, फिक्या गुलाबी रंगाचा, ज्याचा गुलकंद करतात तो. फुलदाणीचे लांब देठाचे गुलाब दिसायला कितीही छान असले तरी त्यांतल्या बहुतेकांना वास नसतो, आणि वास नसेल तर कपात काही उतरत नाही. सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढण्याआधी तोडा. पाकळी ओढून काढली की तिच्या टोकाला पांढरट भाग दिसतो, तो कात्रीने उडवा. तुरटपणा तिथे जास्त असतो. वेळखाऊ आहे, पण चवीत फरक स्पष्ट कळतो.

एका कपाला वाळलेल्या पाकळ्या सैल भरून दोन मोठे चमचे, वजनाने दीड-दोन ग्रॅम. पाणी उकळून दोन मिनिटं थांबा, मग ओता. पाच मिनिटं झाकून ठेवा. झाकण महत्त्वाचं, वाफेबरोबर जातो तो वासच असतो. झाकणाच्या आतले थेंब परत कपातच झटका.

प्रयोगवही

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत या चहाचा रंग वेगळा येतो. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे ते अल्कधर्मी बाजूला झुकतं. अंबाडी आणि गोकर्णी दोन्हींचा रंग अँथोसायनिनचा आणि तो आम्ल-अल्कप्रमाणे बदलतो. निळाईताईंनी लिंबाचं लिहिलं ते याच कारणाने. बोअरच्या पाण्यात अंबाडी झगझगीत लाल न येता मळकट जांभळटाकडे जाते, गोकर्णी हिरवटाकडे. फूल जुनं आहे असं वाटतं, पण दोष पाण्याचा असतो. फिल्टरचं पाणी घ्या, नाही तर लिंबाचे चार थेंब टाका, रंग परत येतो.

गोडीसाठी गूळ घातला तरी रंग मातकट होतो. चव वाईट लागत नाही, पण गोकर्णीला गूळ घालू नये असं माझं मत आहे. मध घालायचा तर चहा प्यायच्या तापमानाला आल्यावर घाला. एक वर्षाखालच्या बाळाला मध कशातूनही द्यायचा नाही, हे याच ओघात लिहून ठेवतो.

मृगबहार

नागपूरच्या धाग्यावर संत्र्याची साल आलीच पाहिजे 🙂

संत्रं कोमट पाण्यात घासून धुवा. सालकाढणीने वरची केशरी साल तेवढी पातळ काढा, आतला पांढरा पापुद्रा आला की कडूपणा आला. आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात येतात, तेव्हा चार-पाच दिवस पंख्याखाली वाळवून वर्षाची बेगमी होते. चकचकीत, मेण लावलेली फळं चहासाठी नकोत.

अंबाडीबरोबरचं प्रमाण, दोन कपांना: अंबाडी ३ ग्रॅम, संत्र्याची साल १ ग्रॅम (अंगठ्याएवढे दोन-तीन तुकडे), लवंग एक, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. क्रम असा: साल, लवंग, दालचिनी ४०० मिली पाण्यात मंद आचेवर तीन मिनिटं उकळा, गॅस बंद करा, मग अंबाडी घालून झाका. कडक वस्तू आधी, फुलं नंतर. कुठलंही मिश्रण याच नियमाने करा. सगळं एकदम टाकलं तर एक तर दालचिनी उतरत नाही किंवा फुलं जास्त शिजतात.

निळाई

जास्वंदीबद्दल विचारलं जाईल म्हणून आधीच लिहिते. दारातली लाल जास्वंद चालते, पण तिचा चहा अंबाडीसारखा आंबट होत नाही. मागचा हिरवा भाग आणि मधली परागांची दांडी काढून फक्त पाकळ्या घ्या, पांढरे बारीक किडे असतात म्हणून एकेक पाकळी धुवा. पाकळ्या चिकट असतात. चार मिनिटांच्या वर ठेवल्या किंवा उकळल्या तर चहा बुळबुळीत होतो आणि मग गाळणीतूनही नीट उतरत नाही. एका कपाला दोन फुलांच्या पाकळ्या, तीन मिनिटं, शेवटी लिंबू.

धरमपेठ_दुपार

मोगऱ्याची रीत पूर्णच उलटी आहे. त्यात मोगरा पाण्यात घालायचाच नसतो, कोरड्या चहापत्तीला त्याचा वास पाजायचा असतो. उकळलेला मोगरा कडू लागतो.

घरच्या झाडाच्या टपोऱ्या, न उमललेल्या कळ्या संध्याकाळच्या आधी खुडा. मोगरा रात्री उमलतो आणि वास तेव्हाच सोडतो, सकाळच्या उमललेल्या फुलांत तो बराचसा संपलेला असतो. ५० ग्रॅम साध्या ग्रीन टीला १५ ते २० ग्रॅम कळ्या. स्टीलच्या डब्यात चहाचा थर, कळ्यांचा थर, परत चहाचा. झाकण सैल ठेवा. सकाळी फुलं चाळणीने वेगळी करा, एकही ठेवू नका. रात्रीतून चहापत्तीने फुलांची ओल घेतलेली असते, म्हणून ती ताटात पसरून परत कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची. हे राहिलं तर दोन आठवड्यांत कुबट वास येतो. वास कमी वाटला तर ताज्या कळ्या घेऊन दुसऱ्या रात्री पुन्हा तेच करा.

गजऱ्याचा मोगरा नको. पाणी मारून ठेवलेला असतो, डबा आतून घामेजतो.

यात ग्रीन टी आहे म्हणजे कॅफीनही आहे, बाकीच्या चहांत नाही. रात्री झोपेच्या आधी हा घेऊ नये.

गोळ्या_वेळेवर

फार्मसीच्या बाजूने लिहितो, कारण "फुलांचा आहे, म्हणजे कुणालाही चालतो" हे बरोबर नाही.

अंबाडीच्या चहाने रक्तदाब थोडा उतरतो, यावर माणसांवर अभ्यास झालेले आहेत. म्हणूनच रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर रोज दोन-तीन कप सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, आणि चहाच्या भरवशावर गोळी बंद करू नका. गरोदरपणात अंबाडीचा चहा टाळावा. लोहाच्या गोळीबरोबर कुठलाच चहा नको, हाही नको. लोह कमी शोषलं जातं, दीड-दोन तासांचं अंतर ठेवा.

शेवंती आणि कॅमोमाइल यांचं जरा थांबून वाचा. ही दोन्ही गाजरगवताच्या कुळातली. आपल्याकडे रिकाम्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला गाजरगवत भरपूर आहे आणि त्याने अंगाला खाज, चट्टे किंवा शिंका-दमा होणारी माणसंही कमी नाहीत. त्यांना शेवंतीच्या चहानेही त्रास होऊ शकतो. अशांनी तो घेऊच नये. झेंडूही त्याच कुळातला.

दात आंबणं ही अंबाडीची नेहमीची तक्रार. आम्ल बरंच असतं, म्हणून दिवसभर घोट घोट पीत बसू नका. एकदा पिऊन संपवा, साध्या पाण्याने चूळ भरा, आणि अर्धा तास ब्रश करू नका.

शरीर आतून साफ करणारा वगैरे दावे सोडून द्या, ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करत असतात. यातला खरा फायदा असा की दुपारच्या साखरेच्या दुधाळ चहाऐवजी किंवा बाटलीतल्या थंड पेयाऐवजी बिनसाखरेचं काहीतरी चवीचं पोटात जातं. दोन चमचे साखर घातली तर तोही गेला.

गच्चीवरची_बाग

विषारी फुलांची नावं इथे असायलाच हवीत. लाल-गुलाबी कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी), धोतरा, रुई, कळलावी, घाणेरी, सदाफुली. यांचं फूल, पान, काहीही चहाच्या आसपास नको. कण्हेर आणि बिट्टी तर थेट हृदयावर परिणाम करतात. चाफ्याचा चीकही तोंडाला झोंबतो, तो वासापुरताच ठेवा. मुलांना फुलं खुडायला सांगितलं असेल तर ताटात काय आलं ते मोठ्यांनी एकदा पाहावं. फूल ओळखीचं नसेल तर घ्यायचं नाही, मग मोबाइलने त्याचं नाव काहीही सांगो.

रानवाटा

विदर्भातली दोन फुलं.

पळस. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली सडा पडतो, पण जमिनीवरची नको, फांदीवरची घ्या. मागची काळपट मखमली टोपी काढून फक्त केशरी पाकळ्या ठेवा. पळस उकळण्यापेक्षा रात्री गार पाण्यात भिजवून सकाळी गाळलेला चांगला, आठ-दहा फुलांना अर्धा लिटर पाणी. रंग सुरेख उतरतो, चव किंचित तुरट. अधूनमधून घ्यायचं पेय आहे, रोजचं नाही. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना देऊ नये.

मोह. याचा चहा करण्यापेक्षा गोडीसाठी वापर करा. मोहाचं वाळलेलं फूल चांगलंच गोड असतं, अंबाडीच्या एका कपात तीन-चार फुलं घातली की साखर लागत नाही. फूल पहाटे जमिनीवर पडतं आणि तिथूनच वेचलं जातं, त्यामुळे माती-रेती असतेच. दोन पाण्यांतून धुवा, आतले केसर झटका, मग कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून वापरा. वास उग्र आहे, पहिल्यांदा दोनच घाला. मधुमेह असेल तर ही साखरच आहे असं धरा.

मंजिरी_व

मे महिन्यात गरम चहा कोणाला जाणार? गार करायचा तर काचेच्या बरणीत पाणी आणि फुलं घालून उन्हात ठेवायची पद्धत दिसते व्हिडिओंत. आपल्याकडे ऊन तर भरपूर आहे.

ऊन_४५

ताई, उन्हातली पद्धत नकोच. त्या बरणीतलं पाणी तासन्तास कोमट-गरम राहतं, जंतू मरण्याइतकं तापत नाही आणि वाढायला मात्र पुरेसं तापतं. फुलं काही निर्जंतुक नसतात.

गार चहा फ्रीजमध्येच करायचा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला अंबाडी ८ ग्रॅम, किंवा गोकर्णीची पंचवीसेक फुलं आणि गवती चहाच्या दोन पाती. फुलं आधी चाळणीत घेऊन त्यांवरून कपभर उकळतं पाणी पटकन ओतून निथळून घ्या. मग झाकण लावून फ्रीजमध्ये आठ तास. गाळून फुलं फेकून द्या, आत ठेवून देऊ नका. हा चहा गरम चहापेक्षा कमी तुरट होतो, लिंबू कमी लागतं. दोन दिवसांत संपवा. वर फेस किंवा तार दिसली तर ओतून द्या.

ऑफिसला न्यायचा असेल तर गाळून मगच थर्मासमध्ये भरा. फुलांसकट भरला तर दुपारपर्यंत अंबाडी इतकी आंबट होते की घोट घेववत नाही.

मृगबहार

गार चहात संत्र्याची वाळलेली साल टाकायची असेल तर लिटरला २ ग्रॅमच्या वर नको, आठ तासांत तिचा कडूपणा उतरतो. त्यापेक्षा पिताना ताज्या संत्र्याची फोड ग्लासात पिळा. मे मध्ये संत्री मिळत नसतील तर लिंबू आहेच.

धंतोलीकर

ऊन_४५ यांचं ८ ग्रॅमचं प्रमाण गाळून लगेच प्यायला बरोबर आहे. ग्लासात बर्फ भरपूर घालणार असाल तर १० ग्रॅम घ्या, बर्फ वितळून चव उतरते. शेवंती कोणी घरी लावली आहे का? औषध न मारलेली असेल तर वाळवण्याआधी फुलं मिनिट-दीड मिनिट वाफवावी लागतात. न वाफवता वाळवली तर पाकळ्या झडतात आणि मधला गड्डा काळा पडतो. वाफवून मग पंख्याखाली, एका कपाला तीन-चार फुलं. गाजरगवताचं वर लिहिलेलं मात्र आधी वाचा.